फुलपाखरं इकडे, पिसोळीं तिकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी पोट दुखलं तरी सांगते. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा. मलाही आधी हसूच येतं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि आमच्या मये गावात मराठी-कोंकणीचं भांडण कुंपणापर्यंत आलं होतं. मी सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आलेली, शाळेत शास्त्र शिकवणारी — कट्टर मराठी. शेजारच्या शशीवयनी तितक्याच कट्टर कोंकणी. मी फुलपाखरू म्हटलं की त्या मुद्दाम ‘पिसोळें’ म्हणायच्या. पण भांडता भांडता माशांच्या हुमणाची वाटी कुंपणावरून यायचीच हो!

माझी बाग झाडलेली, लख्ख. फोंड्याहून आणलेले भरगच्च पाकळ्यांचे कलमी गुलाब. वयनींचं परस म्हणजे नुसतं रान — रुई, कडीपत्ता, घागऱ्या. वाळल्या शेंगा पैंजणासारख्या वाजतात ना, ती झुडपं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी टांगतो, तीत बांधतो आम्ही. “साप शिरेल त्या रानात,” मी म्हणायची. आणि मेली फुलपाखरं सगळी तिकडेच! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

म्हणून मीच म्हटलं, परीक्षा घेऊ. शास्त्रोक्त. वाडीतल्या बायकांसमोर, सारखीच जागा, सारखंच ऊन, फुलपाखरं मोजायची. हरेल तिने आपली बाग जिंकणारीसारखी करायची. वयनी एका पायावर तयार! मग माझ्या लक्षात आलं — हरणार मीच की.

आणि — कसं सांगू? — मला एक गोष्ट ठाऊक होती. मागल्या चतुर्थीनंतर माटोळीतला घागऱ्यांचा घोस विहिरीपाशी पडून राहिला होता आणि त्या सुकत्या पाल्याला फुलपाखरं नुसती झोंबत होती. मी दुसरा घोस सुकवून पाहिला, तेच. साधा पाला ठेवून पाहिला, एकही नाही. शास्त्र शास्त्र म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? वर्गात सांगितलं असतं तर पोरं नाचली असती. मी मात्र गप्प बसले.

यंदाच्या विसर्जनानंतर माटोळीतला घोस मी गुलाबांच्या मागे, पानांआड बांधला. तो घोस वयनींनीच आपल्या परसातून कापून आणला होता — “तुज्या गणपतीक” म्हणून.

परीक्षेच्या दिवशी ऊन वर आलं आणि — अगं बाई! — काळी, निळी, तांबडी, फुलपाखरंच फुलपाखरं! गुलाबावर एकही बसेना, पण लांबून बायकांना काय कळणार? तुम्हाला खोटं वाटेल, स्वतःची लबाडी विसरून मी टाळ्या पिटल्या. वयनींनी मला ओढून फुगडी घातली. एक फुलपाखरू तर त्यांच्या केसांतल्या अबोलीवर येऊन बसलं. इतका आनंद मला त्याआधी कशाने झाला होता, आठवत नाही.

“जिखलीं गो तुजीं फुलपाखरां!” वयनी ओरडल्या. फुलपाखरां — पिसोळीं नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कोयता घेतला. मी कुंपणाशी उभी. रुई गेली, पानांवरच्या अळ्यांसकट — त्याच अळ्यांची पुढे फुलपाखरं होतात, हे सातवीला मीच शिकवते. मग घागऱ्या गेल्या. थांबा म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं नाही. जिंकलेली होते ना मी! उलट माझ्या गुलाबांची कलमं नेऊन दिली.

वयनींनी ती लावली, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि पोरीसारख्या हसल्या. “आतां म्हज्याकडेन येतलीं न्ही गो?”

मी म्हटलं, “येतील.”