शवपेटीवरचे मोर

तिला गल्लीत सगळे कात्री म्हणत. ती शिवणकाम करायची म्हणून नव्हे, ते नाव जिभेमुळे पडलं होतं. चर्चचे पडदे, झगे, चादरी दुरुस्त करायचं काम तिच्याकडे सासूकडून आलं, आणि जिभेची धारही तिथूनच आली, असं शेजारीपाजारी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. टाका वाकडा पडला की सासू अंगुस्तान घातलेलं बोट तिच्या कपाळावर टकटक आपटायची. दोघींचं जन्मात कधी पटलं नाही. पण शिकवताना म्हातारीनं हातचं काही राखलं नाही, हेही खरंच.

चर्चमध्ये शवपेटीवर घालायचं एक जांभळं मखमली कापड होतं. मंडळीतलं कुणीही गेलं की त्याच्याखालूनच जायचं. त्यावरचे दोन मोर सासूनं तरुणपणी भरले होते. मोराचं मांस कुजत नाही, म्हणून तो मरणानंतरच्या जीवनाची खूण, असं त्या काळच्या पाळकांनी तिला सांगितलं होतं. पुढे तिचा एकुलता एक मुलगा, कात्रीचा नवरा, त्याच मोरांखालून गेला. आता सासू अंथरुणाला खिळली होती आणि तिनं एकच धोशा लावला होता.

"मला माझ्या मोरांखालून ने. बाकी तुला काय घालायचा तो गोंधळ घाल."

नेमके तेव्हाच नवे पाळक आले. वय कोवळं, आवाज लोण्यासारखा आणि डोक्यात नुकतीच वाचलेली पुस्तकं. येशूच्या चित्रातलं डोक्यामागचं सोनेरी वलय मूळचं सूर्यदेवाचं, म्हणून त्यांनी त्यावर रंग फासला. दारावरचा सदाहरित पानांचा हार मूर्तिपूजकांचा, म्हणून तो कचऱ्यात गेला. मग त्यांची नजर मोरांवर पडली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांसमोर कात्रीला चर्चमध्ये बोलावणं आलं.

"बाई, मोर हे जुन्या काळच्या एका देवीचं वाहन. ख्रिस्ती माणसाच्या शवपेटीवर ते शोभत नाहीत."

"असेल तिचं! माझं मशीन सासूचं, पलंग सासऱ्यांचा, घर त्यांच्याही आधी कुणा परक्याचं. मग मी काय उघड्यावर झोपू? माझ्या सासूनं ते मोर भरले तेव्हा ती कुठल्या देवीला हाका मारत नव्हती, पाळकसाहेब."

"चिडू नका. मोर उसवून टाका, नाहीतर कापड जाळावं लागेल."

चिडू नका! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं, निदान परत देता आल्या असत्या. आणि मंडळीतले वडीलधारे? यातल्या प्रत्येकाच्या घरचं माणूस त्या मोरांखालून गेलेलं, पण सगळे मूग गिळून बाकांवर बसले होते. पाळक निदान नवे होते, यांना काय धाड भरली होती?

त्याच आठवड्यात सासू गेली.

जाळू दिलं तर सगळंच जाईल, म्हणून कात्री म्हातारीच्या उशाशी कापड घेऊन बसली. एकेक धागा ओढत होती आणि पाळकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेवटचा टाका निघाल्यावर तिनं कापड खिडकीशी नेऊन झटकलं आणि तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या उजेडानं मखमल विटून राखेच्या रंगाची झाली होती. फक्त भरगच्च टाक्यांखाली मूळचं जांभळं शाबूत होतं. मान, तुरा, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा, दोन्ही मोर आधीपेक्षा ठळक उठून दिसत होते. तिला हसू आलं नाही. ती ढसाढसा रडली, आणि रडता रडताही शिव्या तिनं थांबवल्या नाहीत.

चर्चमध्ये शवपेटी आली तसे पाळक पुढे झाले. त्यांनी मखमलीवर अंगठा घासून पाहिला. एकदा, पुन्हा एकदा.

"मी काढायला सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले.

"काढलेत." कात्रीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिनं धाग्यांनी भरलेली पिशवी त्यांच्या हातात कोंबली. "एकही ठेवला नाही, मोजून घ्या. म्हातारीनं डोळे फोडून घातलेले टाके आहेत, नीट धरा."

पाळकांच्या एका हातात प्रार्थनेचं पुस्तक, दुसऱ्यात ती पिशवी. पिशवी खाली ठेवायची त्यांची हिंमत होईना, आणि ठेवल्याशिवाय पान उलटता येईना. सगळी मंडळी बघत होती. म्हातारी तिच्या मोरांखाली होती.