जुन्या बुलेटचा ठोका

राऊच्या रस्त्यावर सुगतचं वर्कशॉप आहे. कॉलेजची पोरं नव्या कोऱ्या मोटरसायकली घेऊन तिथे येतात. गाडी जोरात पळायला हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती पळते आहे हे अख्ख्या मोहल्ल्याला कळायला हवं, एवढीच त्यांची मागणी असते. हल्लीच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं हे सीटखालचा कंप्युटर ठरवतो, आणि तो कंपनीचा नोकर असल्यामुळे कोणाचं ऐकत नाही. सुगत त्याच्या वायरींमध्ये एक छोटी डबी बसवतो. तिला फ्युएल कंट्रोलर म्हणतात. मग लॅपटॉप जोडून, रेस देत, कान लावून, तो पेट्रोलचा एकेक आकडा वरखाली करत बसतो. या कामात त्याचं नाव आहे. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण कान शाबूत आहेत.

एवढे चांगले कान घेऊन हा माणूस रोज संध्याकाळी सुदामा नगरातल्या आपल्या घरी यायचा आणि दारातच परका व्हायचा.

दारात खुर्ची टाकून त्याचे वडील बसलेले असत. नथूजी. उभी हयात फौजेत गाड्यांचे मिस्त्री, शेवटची वर्षं महूच्या छावणीत. आता त्यांना विसरण्याचा आजार होता. पेन्शनचा दिवस विसरले, बायको गेलेली विसरले, सून संबोधी अधूनमधून ओळखीची वाटे. मुलगा मात्र ते विसरले नव्हते, आणि सगळा घोळ तिथेच होता. त्यांच्या डोक्यातला सुगत पंचविशीचा होता, भरपूर केसांचा, अजून कामावरून यायचा होता. समोर उभ्या असलेल्या टकल्या माणसाला ते फार अदबीनं विचारत, "कोण आपण? बसा की. आमचा सुगत येईलच आता."

शिव्या दिल्या असत्या तर सुगतला चाललं असतं. ती अदब त्याला सोसवत नसे.

ते सुगतची वाट बघत म्हणजे खरं तर आवाजाची वाट बघत. फौजेच्या लिलावातून घेतलेली जुनी बुलेट नथूजींनी स्वतः उघडून स्वतः बांधली होती आणि पुढे मुलाला दिली. तिचा ठोका सगळ्या बुलेटींपेक्षा वेगळा होता. संथ, जड, आणि मध्येच एक ठोका गाळून पुढचा जरा जोरात टाकणारा. ती कोपऱ्यावर वळली की घरात बसल्या जागी नथूजींना कळे. ते फाटकाची कडी काढून बाजूला उभे राहत. सुगत गाडी आत घेई, पण बंद करत नसे. म्हातारा मान तिरपी करून थोडं ऐके आणि मग म्हणे, "हं. बंद कर." बापलेकांमध्ये दिवसभरात याहून जास्त बोलणं क्वचितच होई. दोघांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग त्या बुलेटच्या इंजिनातला क्रँक तुटला. पार्ट मिळेनात, आणि ती भंगारात गेली. सुगतने इंजेक्शनची, म्हणजे कंप्युटरवाली नवी गाडी घेतली. चांगली गाडी, शिलाई मशीन चालावं तशी चालणारी. ती कोपऱ्यावरून वळून फाटकाशी आली तरी नथूजी रस्त्याकडेच बघत असत.

आता सुगतच्या मनात काय आलं ते सांगायला नकोच. हातात हातोडा असलेल्या माणसाला सगळीकडे खिळेच दिसतात! डॉक्टरांनी हात टेकले होते. सुगतला वाटलं, डॉक्टरांना काय कळतं, बाबांना फक्त तो ठोका ऐकू यायला हवा. आवाज आला की माणूस आला, हा त्यांच्या घरचा नियम होता. म्हणजे नव्या गाडीतून जुना आवाज काढायचा, एवढंच काम.

"भिया, तेरा दिमाग तो ठीक है?" शेजारच्या पार्टच्या दुकानातला मुकुल म्हणाला. "लोक पॉवर वाढवायला पैसे देतात आणि तू चांगली गाडी बिघडवायला बसलास!"

"बिघडवत नाहीये रे," सुगत म्हणाला. "म्हातारी करतोय."

संबोधीच्या मोबाइलमध्ये एक जुना व्हिडिओ होता. मुलीचा वाढदिवस, केक, आरडाओरडा, आणि मागे फाटकातून आत येणारी बुलेट. तो तुकडा सुगत कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐके. मग सीट उचलून त्याने कंट्रोलर बसवला, इंजेक्टरच्या आणि स्पार्कच्या वायरी त्याच्यातून फिरवल्या आणि गाडी न्यूट्रलवर चालू केली. पेट्रोल वाढवलं, स्पार्क उशिरा टाकला. ठोका जरा जड झाला, आणि बघता बघता पुन्हा गुळगुळीत. पुन्हा वाढवलं, पुन्हा तेच. एखाद्या शिकाऊ पोरानं करावी ती चूक त्याच्या हातून झाली होती. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्याने तसाच जोडलेला ठेवला होता. तो धूर हुंगून कंप्युटरला चुगली करी, आणि इकडून घातलेलं जास्तीचं पेट्रोल कंप्युटर तिकडून कापून टाकी. दुसऱ्याची गाडी असती तर सुगतने आधी तोच सेन्सर काढला असता.

सेन्सर काढल्यावर गाडी ऐकू लागली. पण जुना ठोका सहज हाती येईना. संथ केली की बंद पडे, जड केली की काळा धूर ओके. गिऱ्हाइकांची कामं मागे पडली, पोरं चिडून दुसरीकडे गेली. सगळ्यात छळलं ते त्या गाळलेल्या ठोक्यानं. तो व्हिडिओत स्पष्ट होता, पण मशीनमध्ये मुद्दाम चूक घालणं फार अवघड असतं. शेवटी एका दुपारी तो सापडला. गाडी उभी होती, हँडल हलत होतं, आणि मध्येच तिनं एक ठोका गाळून पुढचा दणकन टाकला. सुगत खाली फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा हसला. त्या क्षणी त्याला खरंच वाटलं की आपले वडील आपल्याला परत मिळाले.

संबोधीला त्याने फोन केला. "बाबांना बाहेर बसव. मी निघतोय."

ती म्हणाली, "अहो, सांभाळून. आशा लावून बसू नका."

पण आशा तर केव्हाच लागली होती. गाडी कोपऱ्यावर वळली तशी खुर्चीतली मान वर झाली. नथूजींनी हातातला कप खाली ठेवला. काठी न घेता उठले. "आला आमचा," ते संबोधीला म्हणाले, आणि कित्येक महिने हात न लावलेली फाटकाची कडी त्यांनी स्वतः काढली आणि बाजूला उभे राहिले. सुगतने गाडी आत घेतली, तशीच चालू ठेवली. म्हाताऱ्यानं मान तिरपी केली. ठोका पडत होता, जड, संथ. एक गाळला. पुढचा जोरात आला. नथूजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हं. बंद कर."

सुगतने किल्ली फिरवली. हेल्मेटच्या आत तो रडत होता. त्याने हेल्मेट काढलं.

नथूजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्याच्या मागे रस्त्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी हात पुढे करून गाडीच्या गरम टाकीवर ठेवला.

"गाडी तर सुगतची आहे," ते म्हणाले. "तुम्ही आणलीत?"

"बाबा, मीच सुगत."

त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांचा हात टाकीवरून सावकाश खाली आला, आणि पाठ ताठ झाली, फौजेत होत असे तशी. "युनिटमधून आलात का?"

संबोधीला आधी कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग सुगतच्याही लक्षात आलं, कारण बाबांची एक गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आला होता. नथूजींच्या तुकडीतला मानपूरचा एक जवान गेला, तेव्हा त्याची ट्रंक आणि सायकल घरी पोहोचवायचं काम नथूजींवर आलं होतं. आपल्या पोराची सायकल दुसराच माणूस चालवत आणतोय, हे बघून दारात उभ्या बापानं सगळं ओळखलं होतं. त्यानं फक्त विचारलं होतं, त्रास झाला का त्याला. नथूजींनी नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, आणि ते त्यांना जन्मभर टोचत राहिलं.

"बाबा, माझ्याकडे बघा ना. नीट बघा," सुगत म्हणाला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

त्यांनी बघितलं. अगदी नीट, अदबीनं बघितलं. "सांगा, भाईसाहेब," ते म्हणाले. "मी फौजी आहे. ऐकून घेईन. त्रास झाला का त्याला?"

सुगतने संबोधीकडे पाहिलं. समोर म्हातारा उत्तरासाठी थांबला होता.

"नाही," सुगत म्हणाला. "काही त्रास झाला नाही."

"बरं," नथूजी म्हणाले. मग सुनेकडे वळले. "यांना पाणी दे. लांबून आलेत."

त्यानंतर ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. सुगत शेजारी बसून त्यांची पाठ चोळत राहिला, आणि पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून ते मध्येच "माफ करा" म्हणत राहिले. सकाळी ते कशासाठी रडले हे त्यांना आठवत नव्हतं. रडणं मात्र थांबलं नव्हतं. चहा पितानाही ते डोळे पुसत होते आणि संबोधीला विचारत होते, "कोणी गेलं का गं आपल्यातलं?"

सुगतने वर्कशॉपचं शटर उघडलं आणि आधी आपलीच गाडी पुढ्यात घेतली. कंट्रोलरची डबी काढली. वायरी होत्या तशा जोडल्या, सेन्सर परत नळीत बसवला. मुकुल आला, काही विचारणार होता, सुगतचं तोंड बघून परत गेला. गाडी चालू केली तर जणू कधी काही झालंच नव्हतं, अशी गुळगुळीत चालू लागली. एवढी मेहनत करून आणलेला ठोका त्याने स्वतःच्या हातानं काढून टाकला, आणि त्याच्याजवळ आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला. नथूजी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. डोळे कोरडे झाले होते. गाडी फाटकातून आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही. सुगतच त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"या, बसा," ते म्हणाले. "आमचा सुगत यायचाय अजून. तुम्ही तिकडूनच आलात ना? कोपऱ्यावर गाडी ऐकू आली का त्याची?"

"नाही," सुगत म्हणाला. "पण येईल."

"येईलच," म्हातारा म्हणाला.

सुगतने हेल्मेट खाली ठेवलं, त्यांच्या पायाशी पायरीवर बसला, आणि तोही कोपऱ्याकडे बघत राहिला.