परीक्षेत न येणारं नाव

शब्बीरभाई गेल्याचं मला ग्रंथालयाच्या ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी सकाळचा सुविचार टाकला होता, त्याखाली ही बातमी आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही एक जोडी टाकली, फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले. त्याला आता सहा आठवडे झाले. पनवेलच्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि त्यातली चोवीस वर्षं शब्बीरभाई तिथे शिपाई होते. शिपाई हा नोकरीच्या कागदावरचा शब्द झाला. खरं तर ग्रंथालय त्यांनीच चालवलं, मी सह्या केल्या. "त्यांच्यावर पेपरात तुम्हीच लिहायला हवं मॅडम," असं दोघातिघांनी सांगितलं. चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण हा लेख त्यांच्याविषयी कमी आणि माझ्याविषयी जास्त होणार, हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासाला बसत. कुणी विचुंब्याहून येई, कुणी उलव्याहून. त्यांच्यासाठी आम्ही दर वर्षाची एक फाईल करायचो. आधी देशातल्या ठळक घडामोडी, शेवटी 'निधन'. कात्रणं शब्बीरभाई कापत. बाजारातल्या डिंकाने कागद पिवळा पडतो म्हणून घरून कणकेची खळ करून आणत, स्टीलच्या डबीत. एकदा मी ती डबी जेवणाची समजून उघडली, तेव्हापासून झाकणावर त्यांनी ठळक अक्षरांत 'खाऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवून टाकली. कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं हे मात्र मी ठरवायची. नियमही माझाच होता, परीक्षेत येऊ शकेल तेवढंच फाईलमध्ये. शब्बीरभाई कधीमधी एखादं बोटभर कात्रण हळूच पुढे सरकवत. एकदा जासईकडच्या कुणा सुईणीच्या निधनाचं होतं. "अख्ख्या गावाची बाळंतपणं केली हिनं, मॅडम." मी चष्म्यावरून बघत विचारलं, "परीक्षेत येणार आहे का?" ते हसले आणि कात्रण शर्टाच्या खिशात घातलं. अशी किती कात्रणं त्या खिशात गेली असतील, मी कधी विचारलं नाही.

मग ते करोनाचं वर्ष आलं आणि फाईल फुगत गेली. टाळेबंदी, गॅलरीतल्या थाळ्या, दिवे, आमच्याच महामार्गावरून डोक्यावर गाठोडी घेऊन चालत निघालेली माणसं, आमच्या मागच्या खोलीचे पत्रे उडवून नेणारं चक्रीवादळ. निधनाच्या पानांना तर खळ पुरेना. माजी राष्ट्रपती, मोठे गायक, ऐन उमेदीतले नट... ग्रंथालय बंद होतं, पण शब्बीरभाई एसटी स्टँडजवळच्या विक्रेत्याकडून मिळतील ते अंक गोळा करत आणि घरी बसून कापत. त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, शिवणाच्या उरलेल्या तुकड्यांतून ग्रंथालयातल्या मुलांसाठी मास्क शिवले. मलाही दोन पाठवले, निळ्या चौकड्यांचे. नाकाशी अगदी बरोबर बसायचे.

त्या पहिल्या महिन्यांत त्यांच्या मोहल्ल्याबद्दल काय काय बोललं जात होतं, ते आज कुणाला आठवत नाही. मला आठवतं, कारण मी ते गप्प बसून ऐकलं होतं. "तुमचा शिपाई तिकडचाच ना? जपा हं," असं शेजारच्या बाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. शब्बीरभाई फाईल घेऊन आले की मी ती गेटच्या कठड्यावर ठेवायला सांगायची आणि दोन दिवस उन्हात पडू द्यायची. दुधाची पिशवी मात्र नळाखाली धरली की मला चालत होती. शब्बीरभाई कठड्यापाशी उभे राहून वर गॅलरीकडे बघत, हात हलवत आणि जात.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला. "मॅडम, आमची जुबेदा गेली." मग म्हणाले, "चार माणसांत दफन केलं. नसीमला तोंडपण नाय दाखवता आलं." नसीम ही त्यांची मुलगी. मी म्हटलं, "मी येऊन जाते, शब्बीरभाई." त्यांचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी गेले नाही. घरी ऐंशीच्या पुढच्या सासूबाई आहेत, हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते मला पटलंही. मग त्याच महिनाअखेरीला आमच्या कार्यवाहांचे वडील वारले. त्यांनाही करोनाच झाला होता. तिथे मी गेले, अर्धा तास बसले, चहा नको नको म्हणत घेतला. परत येताना रिक्षाच्या आरशात तोंड दिसलं, तेव्हा लक्षात आलं की मास्क जुबेदाभाभींचा होता. रिक्षा मोहल्ल्याच्या तोंडाशी वळवायला सांगता आली असती. आता इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने जायचं, असं म्हणून मी सरळ घरी आले.

वर्ष संपल्यावर, ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा फाईल पुरी होऊन आली. निधनाच्या शेवटच्या पानावर, सगळ्या कात्रणांच्या खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'जुबेदा शब्बीर, शिवणकाम, पनवेल.' मी काय केलं? ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि ती ओळ खोडली. मुलं पाठ करतील, उत्तरपत्रिकेत लिहून बसतील, असा खरोखर विचार करून खोडली. मान वर केली तर शब्बीरभाई समोर उभे. त्यांनी पुढे होऊन पानावरचा रबराचा चुरा तळहाताने गोळा केला आणि म्हणाले, "बरोबर हाय मॅडम. परीक्षेत नाय येणार ते." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. पुढे ते निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज एकत्र काम केलं, दर ईदला माझ्याकडे शीरखुर्मा आला, आणि तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेतली.

या वेळी मात्र मी गेले. बातमी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी. खोली बायकांनी भरलेली होती. नसीमने मला दारातच मिठी मारली आणि हात धरून सगळ्यांना सांगू लागली, "ह्या आमच्या अब्बांच्या मॅडम. अम्मीच्या इंतकालच्या वेळी आमच्या गल्लीत कुणी पाय ठेवत नव्हतं, तेव्हा ह्या एकट्या आल्या होत्या. मी आत तापाने पडलेली. अब्बा वर येऊन म्हणाले, मॅडम खाली उभ्या आहेत, मीच त्यांना वर येऊ नका बोललो, त्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे. अब्बा किती वेळा सांगायचे ते, मॅडम!"

आईच्या जाण्यानंतर कोण कोण आलं, असं त्या तापातल्या मुलीने विचारलं असणार. ज्या बाईबरोबर इतकी वर्षं काम केलं ती दहा मिनिटं चालून आली नाही, हे तिला सांगायची शब्बीरभाईंना लाज वाटली असणार. लाज माझी होती, ती त्यांनी झाकली. आता खरं सांगायची पाळी माझी होती. बायका माझ्याकडे बघत होत्या, कौतुकाने. मी म्हणाले, "हो गं, खालीच होते." आणि तेवढ्यावर थांबले नाही. "पाऊस होता तेव्हा," असंही वर जोडलं.

नसीमने खिडकीपाशी असलेली एक वेताची खुर्ची ओढून आणली. खुर्चीच्या हातावर कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, कात्री धरून कोपर घासतं तेवढ्याच जागेवर. "अब्बांची आहे," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही उभ्या राहिलात. आज बसा." आणि मी बसले.

नसीमकडे हे वर्तमानपत्र येतं. नसीम, मी आले नव्हते. त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, तेसुद्धा मला ठाऊक नाही.