थाळी वाजली की बसायचं

कोकिळाबाईच्या गावात नवऱ्याने बायकोवर हात उचलला की शेजारीण थाळी वाजवते. थाळी ऐकली की बाया हातातलं काम टाकतात आणि त्या दारापुढे जाऊन बसतात. शिवी नाही, काठी नाही. नुसतं बसायचं, आणि तो माणूस बाहेर येऊन सगळ्यांदेखत ‘म्या मारलं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. हे खूळ काढलं कोकिळाबाईनेच. आधी गडी खो खो हसले. मग एकेकाच्या दारात बाया बसल्या, तशी त्यांची बोलती बंद झाली. धामणगाव बढ्याच्या बाजारातही लोक बाईला ओळखू लागले.

त्या दुपारी ती गिरणीवर ज्वारी दळायला उभी होती. थाळी वाजली. डबा तिथंच ठेवून, पदर खोचून बाई निघालीच.

"कोण्या मेल्याले आज खाज सुटली वं?"

आवाज तिच्याच गल्लीतला होता. ती वळली आणि जागीच थिजली. बाया तिच्याच दारात बसल्या होत्या! शेजारची अमीरबी थाळी हातात घेऊन रडत होती.

"अमीरबी, येडी झाली का वं? हे माह्यं घर हाय!"

"माहीत हाय. तू भाईर गेली की भिंतीपल्याडून रोज ऐकत होती मी. आज नाही सहन झालं."

कोकिळाबाईचा भागवत? गावात कोणाशी वर मान करून न बोलणारा, तिच्या पोटचा भागवत? अहो, ज्या बाईने साऱ्या गावाला धडा शिकवला, तिच्याच चुलीपाशी हे चाललं होतं!

दाराआडून भागवत म्हणाला, "माय, या बायाईले जा म्हण ना. तुह्यं ऐकतीन त्या."

ऐकलंच असतं त्यांनी. बाया खाली माना घालून तिच्या शब्दाची वाट पाहत होत्या. पण कोकिळाबाई अमीरबीशेजारी मातीत बसली.

"भाईर ये बे. सांग सगळ्याइले."

बऱ्याच वेळाने तो आला. खाली बघत ‘म्या मारलं’ म्हणाला. त्याच्यामागे सून राखी उंबऱ्यात उभी राहिली, तिचा ओठ सुजलेला होता.

कोकिळाबाई धावत तिच्यापाशी गेली. "पोरी, मले काऊन नाही सांगतलं वं? मी का मेली होती?"

राखीने पदराने ओठ पुसला.

"आत्याबाई, तुमच्या दारात बी बाया बसतात, हे मले आजच समजलं."