टक्के गुरुजींचा तिसरा अंक

आमच्या गावात कुणाला "कसं काय?" असं विचारलं तर माणूस "बरं आहे" म्हणतो, नाहीतर कण्हतो. टक्के गुरुजी आकडा सांगत. "तब्येत ऐंशी टक्के, झोप साठ टक्के, नाटक सत्तर टक्के." विचारणाऱ्याला पुढे काय बोलावं ते सुचत नसे. त्यांचं खरं आडनाव आता गावात फारसं कुणाला आठवत नाही. मला आठवतं, पण सांगणार नाही, कारण त्या आडनावाची बाकीची माणसं कामाची आहेत.

मी ऑर्गन वाजवतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि नाटक तर असतंच. दिवाळीपासून होळीपर्यंत मी नाटक कंपनीच्या गाडीत बसून वडसा, सिंदेवाही, मूल अशा गावांतून हिंडत असतो. उरलेलं वर्ष घरी असतो, आणि माझं घर गुरुजींच्या घरासमोर आहे. त्यामुळे त्यांचा फळा मला रोज बघावा लागे.

शाळेत नवे फळे आले तेव्हा गुरुजींनी जुना लाकडी फळा मागून आणला आणि ओसरीत रस्त्याकडे तोंड करून टांगला. पाडव्याला त्यावर वर्षाचे संकल्प लिहायचे: पहाटे उठणे, बासरी शिकणे, नाटक लिहिणे. मग दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, जुना टक्का पुसायचा आणि नवा लिहायचा. "मास्तर, मोजलं नाही ते झालं नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. मी म्हणायचो, "गुरुजी, आपल्याकडे बाया धानाची रोपं लावतात, रोवणा करतात, तो काय टक्क्यांनी? बांधीतला चिखल दिसायचा थांबला की रोवणा झाला." त्यावर ते माझ्याकडे दयेनं बघत आणि म्हणत, "म्हणून तर आपण मागं राहिलो."

टक्के काढण्याची त्यांची रीत एकदा त्यांनीच मला समजावून सांगितली. बासरी विकत घेतली, वीस टक्के. तिला कापडाची पिशवी शिवली, दहा टक्के. कोणत्या वेळी वाजवायची ते ठरवलं, पंधरा टक्के. अशी त्यांची बासरी निम्म्याच्या जवळ पोचली होती आणि तिला अजून ओठ लागायचा होता. पुढे नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनमध्ये कसलंसं ॲप टाकून दिलं. रोज संध्याकाळी फोन घंटी वाजवून विचारायचा, आज तुम्ही तुमच्या ध्येयाच्या किती जवळ गेलात? आतून त्यांची बायको ओरडायची, "त्याले सांगा, चहाजवळ गेले म्हणा."

या रोगाची लागण गावालाही झाली होती. शेजारचा मारोती, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबलेला गडी, एका पाडव्याला आला आणि फळ्यावर 'मारोती – खर्रा सोडणे' असं लिहून घेतलं. महिन्याभरानं तो सांगायला आला, "गुरुजी, आता पुडी पुरी नाई खात. अर्धी फेकून देतो." गुरुजींनी गंभीर चेहऱ्यानं चाळीस टक्के लिहिले. मारोतीला इतका आनंद झाला की त्यानं पानठेल्यावर जाऊन चौघांना खर्रा खिलवला. गुरुजींना मी हे सांगितलं तर म्हणाले, "प्रगती साजरी केली पाहिजे."

नुसते गुरुजी असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण घरात इंदूबाई होत्या. इंदूबाई म्हणजे त्यांची बायको. लग्नाआधी माहेरच्या मंडईत त्यांनी एका नाटकात काम केलं, तेव्हा ऑर्गनवर मीच होतो. मधेच माइक बंद पडला, तरी त्या पोरीचा आवाज मागं उभ्या असलेल्या बैलबंड्यांपर्यंत गेला. वडशाच्या एका कंपनीच्या मालकानं तिथंच तिला काम देऊ केलं. गुरुजी त्या मंडईला पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी मागणी घातली. इंदूबाईंची एकच अट होती, नाटक सुटता कामा नये. गुरुजी म्हणाले, "सुटीन कसं? मीच लिहितो तुह्यासाठी नाटक. लोकाईच्या नाटकात कायले जातं?" वडशाच्या मालकाला नकार गेला. आपलं नाटक होईपर्यंत थांबायचं असं ठरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिला टक्का चढला. फळा नंतर आला.

त्या नाटकात रूपा नावाची मुलगी होती, अठरा वर्षांची, तलावाच्या पाळीवर गाणं म्हणणारी. तिच्या गाण्याची चाल मी काळी पाचमध्ये, तरण्या पोरीच्या उंच पट्टीत, बांधून दिली. नाटक निम्मं झालं म्हणेपर्यंत इंदूबाईंना मुलगा झाला. आता अठरा वर्षांची रूपा शोभणार नाही, असं गुरुजींच्या ध्यानात आलं. त्यांनी रूपाची वहिनी केली आणि टक्का घसरून वीसवर आला. वहिनी चढत चढत साठावर पोचली तोवर इंदूबाईंच्या कानाजवळचे केस पिकले. वहिनीची आई झाली. काही वर्षांनी आईची आजी झाली. दर वेळी मी चाल खालच्या पट्टीत उतरवून द्यायचो आणि राग गिळायचो. एका बाईचं वय पुढे चाललं होतं, तिचं नाटक तिच्या मागून धापा टाकत येत होतं, आणि हे गृहस्थ फळ्यासमोर उभे राहून कोणत्या रंगाचा खडू घ्यावा याचा विचार करत होते.

इंदूबाई भांडल्या नाहीत. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की आमच्याकडे बायका सकाळी टोपल्या घेऊन जंगलात जातात. वाघ आता शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत येतात, म्हणून एकमेकींना आवाज देत देत वेचावं लागतं. सगळ्यांत पुढे इंदूबाई असायच्या. "इंदूबाई, तू समोर राय वं, तुह्या आवाजानं वाघ बी वाट सोडते," असं बायका म्हणत. त्या रूपाचं गाणं म्हणत मोह वेचायच्या आणि मी अंगणात दात घासता घासता ते ऐकायचो. असा आवाज आणि ऐकायला एक ऑर्गनवाला आणि एखादा वाघ. मला फार वाईट वाटायचं.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याला फळ्यावर 'नाटक – नव्वद टक्के' असं आलं. आमच्या मंडई मंडळाचा अध्यक्ष घनश्याम हा हाडाचा धानवाला. धान नव्वद टक्के कापून झालं की आमच्याकडे मळणीयंत्र सांगून ठेवतात, उरलेलं दुपारपर्यंत होतंच. त्याच हिशेबानं त्यानं मंडईला गुरुजींचं नाटक ठरवून टाकलं. बॅनर छापला, त्यावर इंदूबाईंचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं, गावानं पाहुण्यांना फोन केले. गुरुजींना हे कळलं ते बॅनर चौकात लागल्यावर. ते तडक माझ्याकडे आले.

"मास्तर, हा काय अडाणीपणा आहे? नव्वद म्हणजे शंभर नाही."

"मग उरलेले दहा काय आहेत?"

"तिसरा अंक."

"सगळा?"

"त्याचं नियोजन झालेलं आहे," गुरुजी म्हणाले.

मग मी ते नव्वद काय आहेत ते पाहिलं. दोन अंक होते, बरे होते, खोटं कशाला बोलू. पण पात्रांची यादी, अर्पणपत्रिका, पहिल्या पानावरची वेलबुट्टी, यांनाही टक्के होते. दोन अंकांत मुलगा मिरची तोडायला तेलंगणात जातो, परत येत नाही आणि म्हातारी उंबऱ्यावर बसून त्याची वाट पाहते. तिसऱ्यात मुलगा मोटारीतून येणार, म्हातारी आनंदानं रडणार आणि पडदा पडणार, एवढं तीन रंगांत आखलेलं होतं. वाक्य एकही नव्हतं.

तालीम समाजमंदिरात दुपारची होती. झाडीपट्टीत नाटक पाठ करायची फारशी चाल नाही. पडद्याआडून प्रॉम्टर वाक्य पुरवतो, नट ते उचलतो आणि आपल्या आवाजात फेकतो. दुसरा अंक संपला तसा प्रॉम्टर म्हणाला, "गुरुजी, पुढचं पान?" गुरुजी उठून उभे राहिले आणि म्हणाले की घाई करण्यात अर्थ नाही, अर्धवट काम आपण लोकांपुढे ठेवणार नाही, पुढच्या वर्षी शंभर टक्के करून देऊ. घनश्यामनं डोकं धरलं. नट लोक चपला शोधायला लागले.

इंदूबाई कोपऱ्यात म्हातारीचं घोंगडं पांघरून बसल्या होत्या. बसल्या जागेवरूनच बोलल्या. "औंदा मले म्हातारीचा पार्ट देला जी तुमी. पुढच्या साली काय मेलेलीचा लिहसान?"

कुणी हसलं नाही. इंदूबाई प्रॉम्टरला म्हणाल्या, "तिसऱ्या अंकात तू काई बोलू नको. पडदा तेवढा उघड."

आमच्याकडे नाटक रात्रभर चालतं; मंडईत तिसरा अंक लागला तेव्हा पूर्वेला उजाडायला आलं होतं. मुलाचं काम मारोतीकडे होतं. तोंडातला खर्रा थुंकून तो आत गेला, "माय, मी आलो" म्हणाला आणि उभा राहिला. त्याला तेवढंच माहीत होतं. म्हातारी उंबऱ्यावरून उठली नाही.

"आला तं बस. पाय धू. माही वाट पायली का म्हणतं? पायली. पहिले पायली. मंग रोवणा आला, रोवणा थांबते का कोणासाठी? धान कापला, मोह वेचला, पोरीचं लगन केलं. तू येशीन म्हणून मी उंबऱ्यावर बसली नाई, बावा. दम घ्याले बसली."

मारोतीनं एकदा प्रॉम्टरकडे पाहिलं. मारोती खरोखर रडायला लागला. इंदूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रूपाचं गाणं सुरू केलं. मी म्हातारीसाठी उतरवलेली काळी एकची पट्टी धरून बसलो होतो. त्या लागल्या काळी पाचला. मला धावतच वर जावं लागलं. एका जागी त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी सूर सोडला नाही. पहिल्या रांगेत गुरुजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे ओठ काही मोजत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फळा बघायला गेलो. 'नाटक – पंच्याण्णव टक्के. तिसरा अंक लेखकाचा नाही.' माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "गुरुजी, काही लाज?" ते म्हणाले, "मास्तर, खोटं कसं लिहू?" त्यांचे डोळे सुजलेले होते. तेवढ्यात इंदूबाई ओला फडका घेऊन बाहेर आल्या, त्यांनी सगळा फळा पुसला, मारोतीला हाक मारली आणि दोघांनी मिळून तो खाली उतरवला. पुढच्या चैत्रात त्यावर मोह वाळत होता. "सपाट हाये, बरा वाळते," इंदूबाईंनी मला सांगितलं.

त्यानंतर वडशाहून बोलावणी यायला लागली. म्हातारीच्या कामाला इंदूबाईंसारखी बाई नाही, असं कंपन्या म्हणायला लागल्या. गुरुजीही गाडीत असायचे. मांडीवर चहाचा थर्मास, खांद्याला बायकोची पिशवी, आणि भेटेल त्याला सांगायचे, "ह्या आमच्या घरच्या." नाटक सुरू झालं की समोर पहिल्या रांगेत जाऊन बसायचे आणि संपलं की मागे येऊन टक्के सांगायचे. आज पंच्याऐंशी, आज अठ्ठ्याऐंशी, दुसऱ्या अंकात घोंगडं घसरलं. शंभर कधी दिले नाहीत. इंदूबाई म्हणायच्या, "टक्के मंग, अगुदर थर्मास द्या." फळा गेला तरी खोड काही गेली नव्हती.

गेल्या हंगामात गुरुजी आजारी पडले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. आरमोरीकडच्या एका गावात इंदूबाईंचा प्रयोग ठरलेला होता. त्या जायला तयार नव्हत्या. गुरुजींनी हट्टच धरला. "एकदा थांबवलं तुले," ते म्हणाले. "आता नाई थांबवत. मास्तर, घेऊन जा हिले."

सकाळी परत आल्यावर मीही इंदूबाईंबरोबर आत गेलो. गुरुजी खाटेवर जागे होते. त्यांनी विचारलं, "किती?"

इंदूबाईंनी जन्मात कधी टक्का उच्चारला नव्हता. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "शंभर."

गुरुजींनी मान हलवली. "खोटं बोलून राह्यली तू. मी कुठी होतो समोर?" आणि आकडा स्वतःच दुरुस्त केला, "पंच्याण्णव."

त्याच आठवड्यात ते गेले. ज्या माणसानं एका बाईची तरुण वर्षं खडूसारखी पुसली, त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण यंदाच्या मंडईत इंदूबाईंनी तिसरा अंक पुन्हा केला. आवाज मागच्या बैलबंड्यांपर्यंत गेला, लोक उठून उभे राहिले. ऑर्गनवरून मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं गुरुजींच्या जागी घनश्याम बसला होता, चांगला टाळ्या वाजवत होता. तरी नाटक थोडं कमी पडलं. गुरुजींनी आयुष्यभर काढलेल्या टक्क्यांत खाटेवरचा तो शेवटचा पंच्याण्णव एकच बरोबर निघाला.