धारूरच्या पोरी माझ्या हाताकडे बघेनात

एमएला समूहगान-संचालन हा विषय घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, हात हलवायचे, त्यात काय अवघड! प्रात्यक्षिकात मी नापास झाले. पुन्हा नापास म्हणजे वर्ष वाया, म्हणून जिवावर येऊनही फेरपरीक्षेला धारूरच्या केंद्रावर निघाले. तिथल्या कॉलेजच्या अनोळखी मुलींकडून दोन दिवसांत एक गाणं बसवायचं आणि परीक्षकांसमोर स्वतः एक शब्दही न गाता, फक्त हातांनी चालवायचं.

संभाजीनगरहून बीड, पुढे तेलगावला गाडी बदला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तेवढाच दिलासा. मग उसाचे ट्रॅक्टर आणि अरुंद घाट. परीक्षेला जाताना तरी खिडकीशी बसू नका. धारूरच्या स्टँडवर सीताफळं छान मिळतात. मी घेतली, पण ती पिशवीतच राहिली.

पहिल्या तालमीला हात उचलला. समोर चिडीचूप. शाहीन म्हणून एक फळवाल्यांची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी आधी म्हणा की. आमी मागून उचलतो." इथं भजन असो की कव्वाली, पुढचा माणूस ओळ सांगतो आणि मागचे झेलतात. मी गायले की पोरी दणक्यात गायच्या. मी गप्प, की त्याही गप्प.

"हाताकडे बघा गं," मी काकुळतीला आले.

"हात गात न्हाई ना, मॅडम."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कसंबसं जमलं. मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणि ठेचा. शाहीनने बळंच चार घास खायला लावले.

परीक्षेत पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात मागची एक चुकली, बाकीच्या अडखळल्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर. हात तसाच हवेत. नियम तो नियम, असं मनात घोकत होते, पण त्यांचे रडवेले चेहरे बघवेनात. मी ओळ गायली. पोरींनी ती झेलली आणि गाणं शेवटाला नेलं.

परीक्षकांनी पेनला टोपण लावलं. "का गायलात?"

"राहवलं नाही, सर."

घरी आले, निकाल आला. नापास. आठवडाभर मी सगळ्यांवर चिडून होते, त्या पोरींवरसुद्धा. मग शाहीनचा व्हिडिओ आला. ती पुढे उभी, तोंड घट्ट मिटलेलं, हात जरा जास्तच ताठ. दुसरं कडवं चाललेलं आणि समोरच्या पोरी तिच्या हाताकडे बघत, कुठेही न अडखळता गात होत्या.

खाली लिहिलं होतं, "मॅडम, पुढच्या साली परीक्षा हितंच द्या. आमी रोज शिकायलोत."

मला रडूच आलं. परीक्षेची धाकधूक आहेच, पण ती कुठे द्यायची ते ठरलं.