सासूबाई सरपंच झाल्या तेव्हा

"आधी चहा, मग भांडण," म्हणत बाई समोरच्याच्या हातात कप द्यायच्या. तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. भुवई उचलून सुनेला छळणारी ती सासू. आमच्या झरी गावात त्या माझ्या शेजारी राहायच्या. मालिका संपली, इकडे त्यांची आई अंथरुणाला खिळली, तशा मुंबई सोडून गावी आल्या.

सरपंचपदाला उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांच्यासोबत दारोदार हिंडले. एका म्हातारीनं त्यांचा हातच धरला.

"त्या सुनेला लय छळलंस गं बाई!"

"चुकलं माय. आता न्हाई छळणार."

म्हातारी समाधानानं हसली. बाई निवडून आल्या.

कापसाच्या रानातून चालताना त्या मध्येच थांबायच्या. "इथं शूटिंगसारखं कुणी ‘कट’ म्हणत न्हाई," असं पुटपुटत लांब बघत राहायच्या. त्या वेळी त्या इथल्या की तिथल्या, मला कळायचं नाही.

मी शाळेत शिकवते. माझ्या नववीतल्या एका मुलीचं लग्न असल्याचं मला हळदीच्या दिवशीच कळलं. बाईंना सांगितलं, तशा त्या उठून निघाल्या. मांडवात मुलीचे वडील आडवे आले. प्रचारात बाईंसाठी सगळ्यांत जास्त राबलेला माणूस.

"बाई, आमच्या घरचं कार्य हाय. तुमी यात पडू नका."

"दादा, लेकरू हाय ते अजून." हा आवाज मालिकेतला नव्हता. "पोलिसांना मीच बोलावलंय. त्यांच्याआधी तुमच्या पाया पडायला आले."

आणि त्या खरंच वाकल्या.

लग्न थांबलं, मुलगी शाळेत परत आली. पण मुलीच्या घरची सगळी भावकी फिरली आणि पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या. निकालाच्या दिवशी आईचे केस विंचरत बसल्या होत्या. "वाईट वाटायलंय," एवढंच म्हणाल्या.

आई गेल्यावर त्या मुंबईला निघाल्या. मी त्यांना पोचवायला थांब्यावर गेले. सकाळचं दाट धुकं, सगळं गाव पाण्याखाली असल्यासारखं. बस आली तशी झुंबड उडाली. तेवढ्यात कुणीतरी खांद्यावरचा मोठा रुमाल, आमच्याकडची दस्ती, काढून खिडकीतून सीटवर टाकली. त्या नववीतल्या मुलीचे वडील होते.

"बाई, खिडकीची जागा धरलीय," ते खाली बघत म्हणाले.

"लेक कशी हाय?"

"बारावीला हाय. शिकायलीय."

त्यांनीच बाईंची बॅग वर चढवली. बस हलली आणि धुक्यात विरून गेली. खिडकीतून हात हलला, की मला तसा भास झाला? वडील तसेच रस्त्यात उभे. दस्ती बाईंसोबतच गेली होती.